शेवटच्या खोलीला विचारून

आमच्या दाजींइतका न्यायी माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही, आणि इतक्या न्यायी माणसाबरोबर प्रवास करायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये, असं माझं प्रामाणिक मत आहे. दाजी म्हणजे माझे थोरले साडू. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आक्कांचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही म्हणतो. ते मला लग्नाच्या मांडवातच एकदा 'पाव्हणं' म्हणाले आणि बावीस वर्षं झाली तरी मी पाव्हणाच आहे. अन्याय करणाऱ्या माणसाशी निदान भांडता तरी येतं. दाजींशी भांडायला तोंड उघडावं, तर दोन वाक्यांत आपणच आपमतलबी ठरतो आणि ते मात्र शांतपणे आपल्याला पाणी विचारतात. एकदा आम्ही दोन्ही कुटुंबं भाड्याची जीप करून विजापूरला निघालो. माणसं आठ, खिडक्या चार. दाजींनी दर अर्ध्या तासाने जीप थांबवून सगळ्यांना खाली उतरवलं आणि एकेक जागा पुढे सरकवून पुन्हा बसवलं. ड्रायव्हरने तिसऱ्या थांब्याला कपाळावर हात मारून घेतला. आम्ही पोचलो तेव्हा गोलघुमटाचं फाटक बंद होत होतं. मी बाहेरूनच घुमटाकडे बघत उभा राहिलो, तर दाजी शेजारी येऊन म्हणाले, "पण पर्त्येकाला खिडकी मिळाली की."

पंगतीत वाढायला उभे राहिले की दाजी शेवटच्या पानापासून सुरुवात करतात. जगात सगळीकडे पहिल्या पानापासून वाढतात. पण दाजींचं म्हणणं असं की पहिल्या पानाला कधीच कमी पडत नाही, काळजी घ्यायची ती शेवटच्याची. माझं नशीब असं की मला भूक लवकर लागते आणि मी पहिल्या चारांत जाऊन बसतो. त्यामुळे दाजींच्या हातची जिलबी माझ्यापर्यंत येते तेव्हा पातेल्यात पाक आणि दाजींच्या चेहऱ्यावर दिलगिरी एवढंच उरलेलं असतं. एकदा मी शहाणपणा करून मुद्दाम शेवटच्या पानावर बसलो. त्या दिवशी दाजी वाढायला नव्हते.

हे सगळं कुठून आलं ते सांगायला हवं. दाजी करमाळ्याच्या नगरपालिकेत चावीवाले होते. ज्या गावांत नळाला चोवीस तास पाणी असतं त्यांना हा हुद्दा ठाऊक नसेल. रस्त्याखालच्या खड्ड्यात लांब लोखंडी चावी घालून एका गल्लीचं पाणी सोडायचं, वेळ झाली की ते बंद करून पुढच्या गल्लीचं सोडायचं, हे त्यांचं काम. चौतीस वर्षं त्यांनी ते केलं. त्यात त्यांचा स्वतःचा एक नियम होता, जो कुठल्याही कागदावर नव्हता: चावी बंद करण्याआधी गल्लीच्या अगदी शेवटच्या घरी जाऊन विचारायचं, "भरलं का?" शेवटच्या घरचं माणूस "थोडं ऱ्हायलंय" म्हणालं की दाजी तिथंच कट्ट्यावर बसायचे. उन्हाळ्यात हे 'थोडं' किती असतं ते कुणीही सांगेल. त्यांचं स्वतःचं घर चढावर, दुसऱ्याच गल्लीच्या टोकाला. अश्विनीच्या, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलीच्या बारशाला घरात चाळीस माणसं जमलेली आणि रांजण कोरडा. हे दोन गल्ल्या पलीकडे चावी घेऊन उभे. आक्कांनी निरोप पाठवला की आपल्या गल्लीची चावी दहा मिनिटं आधी फिरवा. उत्तर आलं, "त्यांचं भरू द्या." आक्कांनी शेजारणीकडून सहा घागरी आणून बारसं पार पाडलं, आणि ती हकीकत त्या अजूनही दर बारशाला सांगतात.

निवृत्तीनंतर अशा माणसाचं काय करायचं, हा प्रश्न अश्विनीने सोडवला, आणि आम्हाला आयुष्यभर पुरेल एवढा ताप करून ठेवला. ती तेव्हा शेतकी कॉलेजात होती. तिने वडिलांना साबणाच्या वडीएवढा एक राउटर आणून दिला आणि तो वापरायला शिकवलं. हॉटेलवाले मोठे चलाख असतात. एका बुकिंगला वायफायचा एकच कोड देतात आणि तो एकाच यंत्रावर चालतो. दुसऱ्याने टाकला की पहिला बाहेर. दाजी तो कोड आपल्या डबीला, म्हणजे त्या राउटरला, देत. डबी एकटी हॉटेलशी बोले, आणि आम्ही सगळे डबीशी. कुणाला चालू ठेवायचं, कुणाला बंद करायचं हे दाजींच्या मोबाइलवरून ठरे. झालं, त्यांना पुन्हा चावी मिळाली. पासवर्ड ते कुणाला सांगत नसत. आपला मोबाइल त्यांच्या हातात द्यायचा, ते भिंतीकडे तोंड करून एका बोटाने टाकायचे. वेग कमी झाला की त्याला ते 'दाब पडला' म्हणत. माझ्या मुलाने एकदा त्यांना वेगाचे आकडे समजावून सांगायचा प्रयत्न केला. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "म्हंजे दाबच की."

अक्कलकोटला गेलो होतो तेव्हा मला वाटलं, आता निदान डबीच्या कृपेने खोलीत बसून मॅच बघू. दुपारी मॅच अगदी रंगात आली आणि चित्र थिजलं. फलंदाजाची बॅट हवेत, चेंडूचा पत्ता नाही. मी दाजींना शोधत बाहेर आलो, तर ते पलीकडच्या खोलीच्या दारात एका अनोळखी कन्नड बाईंचा मोबाइल हातात घेऊन, भिंतीकडे तोंड करून उभे. त्यांचं पोर रडत होतं, त्याला कार्टून हवं होतं. दाजींना कन्नड येतं ते दहा शब्द, त्या बाईंना मराठी तेवढंच, पण व्यवहार पूर्ण झाला होता. मी म्हणालो, "दाजी, अहो, आपलंच पुरत नाही." ते म्हणाले, "त्यांची खोली टोकाला हाय, पाव्हणं. तितं कोण सोडणार?" तोवर मॅच संपली होती. कोण जिंकलं ते मला त्या पोराच्या आजोबांनी सांगितलं.

इतकं सगळं सोसूनही मी दाजींबरोबर जात राहिलो, कारण सासुरवाडीची कार्यं टळत नाहीत. गेल्या मे महिन्यात माझ्या मेव्हण्याच्या मुलाचं लग्न सोलापुरात होतं. सासऱ्यांचं घर लहान, म्हणून पाहुण्यांसाठी स्टेशनकडच्या एका हॉटेलात पाच खोल्या घेतल्या. बुकिंग दाजींच्या नावावर, म्हणजे कोडही एकच. खोल्या आतल्या अंगाला, तिथे मोबाइलला एक दांडी रेंज येत नव्हती. बाहेर अंगणात यावं तर रेंज होती, पण बेचाळीस डिग्री ऊनही होतं. दाजींनी पहिल्या दिवशीच जिन्याच्या कठड्याला डबी बांधली, पाच खोल्यांचे पाच भाग पाडले आणि चौदा मोबाइल-लॅपटॉपांना सारखं वाटून दिलं. सारखं वाटून दिल्यामुळे कुणाचंच काही धड चालत नव्हतं. माझ्या साहेबांचा दोन दिवस फोन येत होता की तिमाही अहवाल पाठवा, आणि माझा अहवाल दोन दिवस बारा टक्क्यांवर बसून होता. काउंटरवरच्या मॅनेजरला मी दुसरा कोड मागितला तर तो म्हणाला, "एक बुकिंग, एक कोड, साहेब. तुमच्या त्या काकांना विचारा ना, त्यांनी माझ्या मोबाइलवर पण लावून दिलंय."

हळदीच्या दिवशी सकाळी साडेनऊला अश्विनी हातात मोबाइल धरून आमच्या खोलीत आली. तिचा चेहरा उतरला होता. हैदराबादला माती-पाण्यावर संशोधन करणारी एक संस्था आहे. तिथल्या जागेसाठी ती दोन फेऱ्या पार करून शेवटच्या मुलाखतीपर्यंत पोचली होती. आमच्या सगळ्या गोतावळ्यात इथवर पोचलेली ती पहिलीच. चार महिने तिने त्याच्यासाठी दुसरं काही केलेलं नव्हतं. मुलाखत सोमवारी होती, ती त्यांनी अचानक आजच अकराला ठेवली होती. पंचवीस मिनिटं, व्हिडिओवर, समोर तीन माणसं. अंगणात हळदीचा डीजे सुरू झाला होता. सासऱ्यांच्या घरी बायका मुसळाला हळकुंडं बांधत होत्या. कुणी म्हणालं गाडीत बसून दे, म्हणून तिला गाडीत बसवून पाहिलं, तर डीजेच्या धक्क्याने गाडीच्या काचा थरथरत होत्या. शांत जागा म्हणून एकच होती, आतली तीन नंबरची खोली, आणि तिथे होतं ते दाजींनी चौदा जणांत वाटलेलं वायफाय. तिने चाचणी म्हणून मैत्रिणीला व्हिडिओ लावला. मैत्रिणीला तिचा आवाज तुटत तुटत जात होता आणि चेहरा जागच्या जागी थांबत होता.

"आबा," ती वडिलांना म्हणाली, "अर्धा तास बाकीच्यांचं बंद करा ना."

"करतो की," दाजी म्हणाले. "विचारून येतो."

मी तिथेच होतो. मला वाटलं ते दोन-चार जणांना सहज हाक मारून सांगतील. आक्का त्यांना जास्त ओळखून होत्या. त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. "जल्मभर लोकांची भांडी भरली," त्या म्हणाल्या. "माझ्या नळाला कदी धार आली न्हाय, मी एका शब्दानं बोलले का? आज पोरीसाटी तेवडी चावी फिरवा. कुणाला इचारू नगा." मी मध्ये पडलो. म्हटलं, "दाजी, बटण तुमच्या हातात आहे. कोण काय म्हणणार आहे?" त्यावर ते माझ्याकडे बघत म्हणाले, "हातात हाय म्हणूनच इचारायचं असतंय, पाव्हणं." आणि आक्कांच्या बाजूने वाट काढून ते निघाले. निघाले तेही सरळ टोकाच्या खोलीकडे.

टोकाच्या खोलीत नातेपुत्याचे मामा होते, आक्कांचे सख्खे मामा, वय ऐंशी. ते मोबाइलवर बैलांच्या शर्यती बघत होते आणि त्यांच्या ओळखीच्या कुणाची तरी जोडी उतरायची होती. दाजींनी सगळं नीट समजावून सांगितलं. मामा म्हणाले, "करा की बंद. तेवडी आपली जोडी पळू द्या." दाजी खाटेच्या कडेला बसले. जोडी पळेपर्यंत साडेदहा वाजून गेले. मग चार नंबरच्या खोलीत नवऱ्या मुलाचे दोन मित्र होते, एकाने लगेच हो म्हटलं. पण दुसरा आंघोळीला गेला होता आणि त्याला विचारल्याशिवाय त्याचा मोबाइल बंद करणं दाजींना पटेना. ते न्हाणीघराच्या दाराबाहेर उभे राहिले. मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत माझ्या बायकोला म्हणत होतो की या माणसाला काय म्हणावं, पोटची पोर तिकडे वाळतेय आणि हा पाहुण्यांच्या आंघोळी मोजतोय. हे मी मोठ्याने म्हणत होतो. एवढं म्हणून मी खोलीत येऊन लॅपटॉप उघडला. मामांचं आणि त्या मित्रांचं बंद झाल्यामुळे दाब वाढला होता. माझा अहवाल बारावरून सरसर साठ टक्क्यांवर गेला.

दाजी माझ्या दारात आले तेव्हा अकराला सात मिनिटं होती. "पाव्हणं," ते म्हणाले, "पोरीची मुलाकत हाय. बंद करू का?"

मी म्हणालो, "एक मिनिट दाजी. एवढं जाऊ द्या. होतच आलंय."

मी हे म्हणालो, ते मला स्वच्छ आठवतं. लॅपटॉप उचलून अंगणात गेलो असतो तर तोच अहवाल मोबाइलच्या रेंजवर गेला असता. ऊन होतं, डीजे होता, आणि दोन दिवसांनी पहिल्यांदाच ती रेघ पुढे सरकत होती. दाजी आत आले नाहीत. दारात उभे राहून समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. एकदा मनगटावरच्या घड्याळाकडे त्यांची नजर गेली, पण माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. सत्तर, ऐंशी, मग ती रेघ ब्याण्णववर अडली आणि मी तिच्याकडे टक लावून बसलो. अखेर शंभर झाले. मी म्हणालो, "करा आता." ते "बरं" म्हणाले आणि पहिल्या खोलीकडे गेले, कारण तिथे माझी मावससासू आणि तिच्या दोन सुना अजून विचारायच्या राहिल्या होत्या.

सगळं बंद होऊन तीन नंबरच्या खोलीत पूर्ण दाब पोचला तेव्हा सव्वाअकरा झाले होते. त्याआधीची पंधरा मिनिटं अश्विनी समोरच्या तीन माणसांना 'आवाज येतोय का' एवढंच विचारत होती, आणि त्यांना तेही अर्धंच ऐकू जात होतं. उरलेल्या दहा मिनिटांत ती बोलली ते आम्ही बंद दाराबाहेर उभं राहून ऐकलं. ती चांगलं बोलली. इंग्रजीत, न अडखळता. एकाने तिला सुरुवातीच्या गोंधळाचं कारण विचारलं असावं, कारण ती मध्येच म्हणाली की माझे वडील पाणीपुरवठ्यात होते, ते विचारल्याशिवाय कुणाचं बंद करत नाहीत. आतून हसल्याचा आवाज आला. दाजींना इंग्रजी फारसं कळत नाही. ते मला हळूच म्हणाले, "काय म्हणाली?" मी सांगितलं. ते खाली बघत राहिले. थोड्या वेळाने दार उघडलं. आक्कांनी विचारलं, कसं झालं. "बरं झालं," अश्विनी म्हणाली, आणि वडिलांकडे वळून म्हणाली, "आबा, सगळ्यांचं परत सोडा आता." दाजींनी मोबाइल काढला आणि टोकाच्या खोलीपासून सोडत आले.

दहा दिवसांनी तिकडून दोन ओळींचं पत्र आलं. जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली होती. पत्रात कारण नव्हतं. अशा पत्रांत नसतंच. अश्विनीने घरात कुणाला एका शब्दाने बोल लावला नाही, उलट म्हणाली की दुसरा उमेदवार पीएचडी झालेला होता. खरं असेलही. दाजींनी मला फोन केला. इकडचं तिकडचं विचारलं, पुण्यात पाऊस आहे का विचारलं, आणि मग म्हणाले, "पंदरा मिनटं लई हुत्यात का हो, पाव्हणं?" मी म्हणालो, "छे हो, दाजी. पंधरा मिनिटांनी काय होतंय." मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोललो आहे, पण इतक्या झटकन कधी बोललो नव्हतो.

दिवाळीनंतर आम्ही करमाळ्याला गेलो होतो. अश्विनी आता सोलापुरात एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहते. अजून मुलाखती देते आहे, पण तारीख घरी सांगत नाही. झाली की संध्याकाळी फोन करून सांगते, आज एक दिली. आक्का म्हणाल्या, आम्हाला काळजी नको म्हणून करते. दाजींनी डबी त्या मुक्कामात बाहेर काढली नाही, घरात सहा माणसं होती तरी. दुपारी आम्ही दोघेच ओट्यावर बसलो होतो. मी विचारलं नव्हतं, तरी ते आपणहून म्हणाले, "तिला तुमी सांगा. तारीख सांगत जा म्हणावं. आता मी कुणाला इचारणार न्हाय. सरळ बंद करीन." हे ते अशा आवाजात म्हणाले की मला ते ऐकवेना. बावीस वर्षं ज्या एका गोष्टीवरून मी या माणसावर चरफडत आलो, ती त्यांनी सोडू नये, असं मला त्या क्षणी मनापासून वाटलं. मग माझ्याने राहवेना.

मी म्हणालो, "दाजी, त्या पंधरा मिनिटांत सात माझी होती."

ते लगेच म्हणाले, "आठ." मग म्हणाले, "पण तुमचं काम चाललं हुतं की."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. शोधूनही सापडला नसता. ते माझ्यावर एकदा तरी रागावले असते, तर मला बरं वाटलं असतं.